१४ एप्रिलची वर्गणी जमते, मग १५ ऑगस्टची ग्रामसभा का सुटते?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बौद्ध वस्तीत जाऊन पाहा. घरटी वर्गणी ठरलेली असते. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ लिहिलेला अर्ज पोलीस ठाण्यात पोचलेला असतो. चाकणला, वाळूजला कामाला असलेल्या पोरांनी फोनवरून पैसे पाठवलेले असतात. हिशेबात शंभर रुपये कमी पडले तर विहारासमोर भांडणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत, कारण पैसा लोकांचा असतो. हातात साधने नसताना तीन आठवड्यांत एवढी बांधणी करणे सोपे नाही. निवडणुकीच्या काळात पैसे ओतूनही अनेक पक्षांना ती जमत नाही.

चार महिन्यांनी त्याच गावात १५ ऑगस्टची ग्रामसभा होते. झेंडावंदन झाले, पोरांना खाऊ वाटला की शाळेच्या पटांगणातून लोक पांगतात. आपल्या वस्तीतले तीन-चार जण मागे थांबतात, त्यांतला एखादा ग्रामपंचायतीचाच शिपाई असतो. नोंदवही फिरते, सह्या होतात, अंगठे उठतात. कोणता ठराव झाला ते आठ दिवसांनी कळते किंवा कळतच नाही. वस्तीतली नाली पुन्हा पुढच्या वर्षावर जाते.

या दोन तारखांमधले अंतर आम्हाला गेली काही वर्षे सतावते आहे. लोक तेच, गाव तेच, वही सांभाळणारा पोरगाही तोच. मग एक काम जमते आणि दुसरे का जमत नाही? आमच्या मते याचे कारण उदासीनता नाही. जयंती कशी करायची हे आपल्याकडे एका पिढीने दुसऱ्या पिढीला शिकवले. ग्रामसभा कशी चालवून घ्यायची हे कोणी शिकवलेच नाही.

बाबासाहेबांना ही उणीव दिसली होती. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले. राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणांना आधी शिकवून तयार करणारी ही शाळा. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते आणि शाळेचे कामकाज सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे पाहत. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ नंतर ही शाळा चालली नाही. दोन्ही कामे एकाच वर्षातली. त्यांतल्या एकासाठी आपण दरवर्षी रेल्वे भरून नागपूरला जातो. दुसऱ्याचे नाव आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हे एकदा आपापल्या गटात विचारून पाहावे.

प्रशिक्षण ही गोष्ट आपल्याला परकी आहे असेही नाही. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे होतात, बौद्धाचार्यांचे वर्ग होतात, समता सैनिक दलाची शिबिरे होतात. त्यामुळेच आज लहान वस्तीतही मंगलपरिणय आणि जलदान विधी नीट करू शकणारा माणूस सापडतो. त्याच वस्तीत ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचू शकणारा माणूस शोधायला गेलो तर मात्र बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यावे लागते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, हे सारे नियम संघाला माहीत होते आणि बुद्धांनी ते आपल्या काळातल्या राजकीय सभांमधून घेतले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. विनयात 'गणपूरक' असा शब्द आहे. सभेला पुरेशी संख्या भरावी म्हणून जबाबदारी घेणारा भिक्खू तो गणपूरक. आज ग्रामपंचायतीच्या कागदावर 'गणपूर्ती' म्हणून जो शब्द छापलेला असतो, त्याचे नाते तिथपर्यंत जाते. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींविषयी बुद्ध आनंदाला पहिली गोष्ट विचारतात तीही हीच, की वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतात का. तेव्हा ग्रामसभेचे शिक्षण विहारात दिले तर धम्मात राजकारण घुसवल्यासारखे होईल, ही काही ज्येष्ठांना वाटणारी भीती आम्हाला पटत नाही. मात्र विहारात पक्षाचा प्रचार होऊ नये, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

आता जालन्याकडे येऊ. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला. आज आठ तालुके आणि साडेसातशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार, त्यांत अनुसूचित जाती सुमारे १४ टक्के. म्हणजे जिल्ह्याच्या राजकारणात आपली संख्या दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण ही संख्या एका जागी नाही, ती गावोगावी वीस, चाळीस, साठ घरांच्या वस्त्यांत विखुरलेली आहे. विधानसभेचे गणित मांडताना सगळे नेते या १४ टक्क्यांवर बोलतात. नालीचे, नळाचे, स्मशानभूमीच्या रस्त्याचे गणित मात्र त्या चाळीस घरांनाच सोडवावे लागते.

त्यातही ही चाळीस घरे वर्षभर गावात नसतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. उरलेले तरुण जालन्याच्या सळई कारखान्यांत, संभाजीनगरला, पुण्याला. ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या असतात. यांतल्या २६ जानेवारीला आपली निम्मी वस्ती उसाच्या फडात असते. वस्ती भरलेली असते ती पावसाळ्यात. म्हणजे १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन सभाच खऱ्या अर्थाने आपल्या हातातल्या. आणि नेमका याच काळात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावास असतो. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते, बाया-माणसे तास-दीड तास बसलेली असतात. वाचन संपल्यावर आठवड्यातून एक दिवस अर्धा तास आणखी बसायचे, एवढीच आमची सूचना आहे. वेगळे सभागृह नको, वेगळा निधी नको, शहरातून वक्ता बोलवायलाही नको.

पुढच्या वर्षीचा गावाचा विकास आराखडा बनवण्याची मोहीमही साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. वर्षावासात तयारी केली तर मागणी वेळेवर आराखड्यात जाते. जानेवारीत जाग आली तर कागद बंद झालेला असतो.

ग्रामसभेत नेमके काय होते

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चे कलम ७ ग्रामसभेविषयी आहे. वर्षाला किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे, आणि सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तिथे जायला निमंत्रण लागत नाही. सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते, दवंडी द्यावी लागते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

इथे एक फसगत आहे आणि तिला आमची माणसे स्वतः बळी पडली आहेत. गावाचे नाव घेत नाही. वस्तीतले पंचवीस-तीस जण ठरवून सभेला गेले. तासभर बसले. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले. आपले लोक सभा रद्द झाली असे समजून घरी आले. काही दिवसांनी तीच तहकूब सभा पुन्हा भरली, पंधरा-वीस जणांत घरकुलाची यादी मंजूर झाली आणि वस्तीतली चार नावे खाली गेली. तक्रार करायला गेलो तेव्हा कळले की तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. 'तहकूब' आणि 'रद्द' या दोन शब्दांतला फरक माहीत नसल्याची किंमत चार कुटुंबांनी पावसाळाभर ताडपत्रीखाली राहून दिली. तेव्हापासून आम्ही कुठेही बसलो तरी पहिल्या दिवशी हेच सांगतो, की सभा तहकूब झाली तर पुढची तारीख, वेळ आणि जागा तिथेच विचारून वहीत लिहायची आणि त्या दिवशी पुन्हा जायचे.

दुसरी गोष्ट इतिवृत्ताची. सभेत कोण किती जोरात बोलले याला आठ दिवसांनी काही किंमत उरत नाही. इतिवृत्तात जे लिहिले गेले तेवढेच उरते. आपले वक्ते सभेत छान बोलतात, टाळ्या मिळतात, मोबाइलवर चित्रफीतही फिरते, आणि ठरावाच्या वहीत त्याची एक ओळ नसते. म्हणून विषय लेखी द्यायचा, सभेच्या आठवडाभर आधी द्यायचा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का व तारखेची पोच घ्यायची. तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो काढण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. फोटो जरूर काढा, पण निवेदनावर आवक क्रमांक पडला का ते आधी बघा. गेल्या पाच वर्षांत दिलेल्या निवेदनांची पोच दाखवा असे आम्ही एका तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना म्हटले, तेव्हा फोटो भरपूर निघाले, कागद मात्र दोनच.

ठरावाची भाषाही शिकण्यासारखी असते. 'वस्तीचा विकास करावा' हा ठराव नव्हे, ती इच्छा आहे. कोणाच्या घरापासून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर नाली, कोणत्या निधीतून, कोणत्या वर्षाच्या आराखड्यात, एवढे लिहिले की तो ठराव होतो. तो मांडणाऱ्याचे आणि अनुमोदन देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. वर्षावासात आम्ही हे अभिरूप ग्रामसभा भरवून शिकवतो. वस्तीतलाच एक जण सरपंच होतो, एक ग्रामसेवक होतो (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे), आणि दोघांना सांगून ठेवलेले असते की काहीही झाले तरी 'पुढच्या वेळी बघू' एवढेच म्हणायचे. मग वस्तीने त्यांच्याकडून ठराव लिहून घ्यायचा. पहिल्या दिवशी सगळे हसतात, दुसऱ्या दिवशी चिडतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी शांतपणे उठून 'मी सांगते तसे लिहा' म्हणते. असे म्हणणारी बहुतेक वेळा बाई असते, याचे आम्हाला आता नवल वाटत नाही.

कारण वस्तीत सभा चालवण्याचा खरा सराव बचत गटांतल्या बायांना आहे. त्यांची बैठक वेळेवर होते, हजेरी घेतली जाते, इतिवृत्त लिहिले जाते, कर्जाचा ठराव होतो, आणि गटाची वही वस्तीतल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या डायरीपेक्षा नीट असते. कायद्याप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. ती बहुतेक गावांत कागदावरच होते. तिथे आपल्या दहा बाया जाऊन बसल्या तर ती प्रत्यक्षात घ्यावी लागते आणि तिच्यातले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर बायकोचे नाव आणि नवऱ्याची खुर्ची, हा प्रकार आपल्या वस्त्यांतही आहे. दुसऱ्या समाजांवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

पैसा कुठून येतो हे कळण्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्न कमी, म्हणून ही रक्कम लहान दिसेल, पण ती विचारली की अंदाजपत्रक उघडावे लागते. अंदाजपत्रक नमुना १ मध्ये, रोकडवही नमुना ५ मध्ये आणि घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये असते. हे तीन आकडे पाठ केले तरी ग्रामपंचायतीच्या कचेरीत तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते. याशिवाय ज्याला लोक अजून 'दलित वस्तीचा निधी' म्हणतात ती अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना आहे. तिचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो आणि त्यात वस्तीची लोकसंख्या लिहिलेली असते. निधी त्या लोकसंख्येवर ठरतो. आपल्या वस्तीची किती माणसे तिथे लिहिली आहेत, हे मोजून पाहिलेली वस्ती आम्हाला क्वचित भेटली. केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतले काम आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून मोबाइलवर दिसतो. पूर्ण झाले म्हणून दाखवलेले काम जागेवर आहे का, हे पाहायला पाच मिनिटे चालावे लागते, बस.

जिथे कागद मिळत नाही तिथे माहिती अधिकार. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा नियम आहे. आपले उत्साही कार्यकर्ते पाच वर्षांची सगळी माहिती एका अर्जात मागतात आणि अर्ज अडकून पडतो. 'अमुक वर्षाच्या रोकडवहीच्या साक्षांकित प्रती' एवढेच मागा. उत्तर आले नाही तर पहिले अपील ३० दिवसांच्या आत, आणि दुसरे ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडे. एक विनंती मात्र आहे. या कायद्याचा वापर करून कोणाकडून पैसे उकळणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांतली काही निळा रुमालही घालतात. अशा एका माणसामुळे दहा प्रामाणिक अर्जांवर संशय येतो. त्याला वस्तीनेच थांबवले पाहिजे.

गायरानाची फाइल

ग्रामसभेतल्या नालीपेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे. मराठवाड्यात गायरानाचा लढा निजामी राजवट गेल्यानंतरच्या पहिल्या दशकापासून चालू आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर लाखो लोक तुरुंगात गेले. आपल्या भागात त्या जमिनी ज्यांनी नांगरल्या त्यांनी मार खाल्ला, उभ्या पिकात गुरे सोडलेली पाहिली. पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने बीडपासून मराठवाडाभर हा प्रश्न पुन्हा उभा केला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग दिला. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची आहे हे लक्षात येईल.

मग तीस-पस्तीस वर्षांनंतरही इतक्या कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर का नाही? प्रशासनाची टाळाटाळ हे एक कारण आहेच. दुसरे कारण सांगताना आम्हाला वाईट वाटते. कब्जा सिद्ध करणारा कागद घरात राहिलेला नाही. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तिच्यात त्या काळात बापाचे, आजाचे नाव आहे का, हा पहिला पुरावा. अतिक्रमण केले म्हणून सरकारने दंड लावला असेल तर त्या दंडाची पावती दुसरा पुरावा. ज्या पावतीला आजा शिक्षा समजत होता, ती नातवाच्या हक्काचा आधार ठरते. पण ती पावती छपराच्या वाशात खोचलेली असते, गळतीत भिजते, घर पाडताना जाते. त्यानंतर पीकपाहणीच्या नोंदी, पंचनाम्याच्या प्रती, शेजाऱ्यांचे जबाब.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला आणि त्याला धरून राज्य सरकारने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. गावातला विरोधक हा निकाल दाखवून 'आता तुमचे काही चालणार नाही' म्हणतो. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींबाबत अपवादाची जागा ठेवलेली आहे, हे आपल्या कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या तेव्हा हा फरक उघड दिसला. ज्यांच्याकडे फाइल होती ते उत्तर लिहायला बसले. ज्यांच्याकडे नव्हती ते पुढाऱ्याच्या दारात गेले. आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, जालना-नांदेड महामार्गासाठी जालना, परतूर, मंठा तालुक्यांत भूसंपादन आहे. जमिनीला भाव आला की कागद नसलेला माणूस आधी हलवला जातो.

म्हणून वस्तीच्या प्रशिक्षणात गायरानाला आम्ही दोन-तीन संध्याकाळी देतो. प्रत्येक कुटुंबाने घरातले जुने कागद पिशवीत घालून विहारात आणायचे, तरुणांनी मोबाइलवर त्यांचे फोटो घ्यायचे, कुटुंबनिहाय फाइल लावायची, कोणता कागद कमी आहे ते वहीत लिहायचे. असेच काम जातीच्या दाखल्यांचेही असते. राखीव जागेवर निवडून आलेल्याला मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र द्यावे लागते, नाही तर सदस्यत्व जाते. अनुसूचित जातीसाठी पुरावा मागितला जातो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. निजामाच्या राज्यात आजोबा शाळेतच गेले नसतील तर प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणायचा? घराण्यात कोणी एक शिकलेला चुलत आजोबा शोधावा लागतो. हा शोध उमेदवारी अर्ज भरताना सुरू करून भागत नाही.

हे सगळे करणार कोण? आमचा अनुभव असा की पाच माणसे पुरतात, पण ती नीट निवडली पाहिजेत. त्यांत दोन बाया हव्यात, त्यांतली एक बचत गटाची वही लिहिणारी. एक वयस्क माणूस हवा, ज्याला गावातल्या जमिनींचा इतिहास तोंडपाठ आहे. आणि पाचही जण एकाच पक्षाचे किंवा एकाच गटाचे नकोत. आपल्यातल्या गटातटांची यादी इथे देत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. विधानसभेला ज्याने त्याने आपल्या मनासारखे करावे, पण नालीच्या ठरावाला पाचही हात वर झाले पाहिजेत. निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्या तरुणाने आधी दोन वर्षे या पाचांत काम करावे, असा आमचा आग्रह असतो. तो सगळ्यांना आवडतो असे नाही.

गावातल्या वातावरणाचा विचारही करावा लागतो. २९ ऑगस्ट २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झाले. त्या मागण्यांवरची आमची मते वेगळ्या लेखाचा विषय आहेत. पण एखादे गाव ठरवले तर सरकारला आपल्या दारात आणू शकते, हे जालना जिल्ह्याने पाहिले. दोन मोठ्या समूहांत ताण असताना चाळीस घरांच्या वस्तीला 'तुम्ही गप्प राहा' असा सल्ला मिळतो, हेही आम्ही पाहिले. अशा काळात घोषणेपेक्षा लेखी विषय सुरक्षित असतो. त्यात कोणाचा अपमान नसतो, कोणाला चिथावणी नसते, आणि तरीही उत्तर द्यावेच लागते.

तरीही त्रास होतो. किराणा बंद, मजुरी बंद, पिठाची गिरणी बंद. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्यावर सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ताब्यातली जमीन हिसकावणे हाही आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. ती झाली का, तिच्यापुढे आपले प्रकरण आले का, हे विचारायला घटना घडण्याची वाट पाहू नये. आणि अशी वेळ आली तर एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊ नये. पाचांपैकी दोघे सोबत, तक्रार लेखी, प्रत हातात.

यंदाच्या वर्षावासात सुरुवात करायची असेल तर पहिल्या अर्ध्या तासात कायदा सांगत बसू नका. वस्ती मोजा. घरे किती, नळ किती, त्यांतले पाणी येणारे किती, खांबावरचे दिवे किती, मतदार यादीत नाव नसलेले किती, ऊसतोडीला जाणारे किती, कोणाकडे गायरानाची पावती आहे. दुसऱ्या आठवड्यात हे आकडे आणि बृहत् आराखड्यातले आकडे शेजारी शेजारी ठेवा. त्यासाठी नवी वही आणायचीही गरज नाही. जयंतीच्या वर्गणीच्या वहीत मागची बरीच पाने कोरी असतात.